काळी, पांढरी आणि वाट

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या लातूर भागांत घरोघरीं एकच विचार सुरू होतो : मुलगा अथवा मुलगी वैद्यकाकडे जाणार कीं इंजिनियरिंगकडे? ज्या जिल्ह्याच्या नांवानें शिकवणीची एक पद्धतीच साऱ्या महाराष्ट्रांत ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते, तेथील पालकांच्या डोळ्यांपुढें ह्या दोन वाटांखेरीज तिसरी वाट सहसा येत नाहीं, यांत नवल नाहीं. ह्या दोन्ही विद्यांविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि बुद्धिमान मुलांनीं ज्याकडे वळून पाहावें असें आणखी एक अभ्यासक्षेत्र आहे, आणि त्याची गरज आमच्या मुलखाइतकी क्वचितच दुसरीकडे असेल. गांव कसें वसवावें. गांवाच्या वांट्यास आलेलें पाणी, माती व रान कसें वापरावें. आणि परगांवचा माणूस आला असतां त्याच्या येण्यापासून गांवाचें हित कसें साधावें, हे तीन प्रश्न त्यांत येतात. परदेशांतील कांहीं विद्यापीठांत हे विषय एकाच विभागांत पदवीपर्यंत शिकवितात. आमच्याकडे ते निरनिराळ्या नांवांनीं, निरनिराळ्या संस्थांत आढळतात : नियोजन, साधनसंपत्तीचें अर्थशास्त्र आणि पर्यटनविकास.

नांवें नवीं वाटलीं तरी वस्तु जुनी आहे. आमच्या वडीलमाणसांच्या बोलण्यांत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गांवठाण. काळीनें पिकवावें, पांढरीनें नांदवावें, आणि दोहोंस जगाशीं जोडणारी वाट असावी, एवढें झालें म्हणजे गांव झालें. काळीचा हिशेब म्हणजे साधनसंपत्तीचें अर्थशास्त्र, पांढरीची मांडणी म्हणजे ग्रामरचना, आणि वाटेनें येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्यवस्था म्हणजे पर्यटन. हीं तिन्ही एकमेकांपासून तोडलीं तर काय घोटाळा होतो हें पाहण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. आमचें मुरुड हें मांजरा व तेरणा ह्या दोन नद्यांच्या मधल्या मुलखांत आहे. उत्तरेस मांजरा, दक्षिणेस तेरणा. आणि ह्या दोन खोऱ्यांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जें घडलें, तेंच ह्या शास्त्राचें पाठ्यपुस्तक होऊं शकेल.

प्रथम काळीचा विचार करूं, आणि काळीच्या विचारांत पाणी आलेंच. लातूर शहरास पाणी पुरविणारें मांजरा धरण धनेगांव येथें आहे. २०१४ व २०१५ अशीं लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिला आणि २०१६ चा उन्हाळा पुरता सुरू होण्याआधींच धरण कोरडें पडलें. पाणी भरण्याच्या ठिकाणीं भांडणें होऊं नयेत म्हणून मार्च महिन्यांत लातुरांत जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. शेवटीं १२ एप्रिल २०१६ रोजीं पहांटे मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास येऊन पोहोंचली. अंतर सुमारें ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीस टाकीच्या दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. तिच्यांतून एका खेपेस सुमारें पंचवीस लाख लिटर पाणी येई.

ही गाडी ज्या मार्गानें आली त्याचा इतिहास विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. बार्शी लाईट रेल्वे ह्या कंपनीची अरुंद मापाची आगगाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियराच्या खटपटीनें १८९७ सालीं कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत सुरू झाली. ती १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोहोंचली. बाजाराचा माल आणि पंढरीचे यात्रेकरू ही तिची मुख्य कमाई. लातूरची बाजारपेठ वाढली ती ह्या गाडीनंतर. आतां तो लोहमार्ग रुंद झाला आहे व कांहीं ठिकाणीं त्याचें वळणहि बदललें आहे, पण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, मुरुड, लातूर हा क्रम तोच आहे. ज्या वाटेनें आमचा माल बाहेर गेला आणि आमचे वारकरी पंढरीस गेले, त्याच वाटेनें शंभर वर्षांनंतर पिण्याचें पाणी उलट आलें, आणि तें मुरुड स्टेशनावरूनच पुढें गेलें.

आतां थोडें गणित करूं. विद्यार्थ्यांनीं पाटीवर मांडून पाहावें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लातूर शहराची वस्ती सुमारें ३ लाख ८३ हजार होती. पंचवीस लाख लिटर पाणी ह्या वस्तींत वांटलें तर माणशीं सुमारें साडेसहा लिटर येतें. एक घागरदेखील भरत नाहीं. आतां दुसरा हिशेब. पाटानें पाणी दिलें तर उंसास वर्षाकाठीं सुमारें दोन हजार मिलिमीटर पाणी लागतें, म्हणजे शेतांत दोन मीटर उंच उभें राहील इतकें. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. गुणाकार केला तर वीस हजार घनमीटर, आणि एका घनमीटरांत हजार लिटर, म्हणून दोन कोटी लिटर. ह्यांतील कांहीं भाग पाऊस देतो. परंतु आमच्याकडे बऱ्या वर्षींहि पाऊस साडेसातशें-आठशें मिलिमीटरच्या आसपास पडतो, व तोहि चार महिन्यांत. बाकीचें पाणी विहिरींतून, बोअरमधून अथवा कालव्यांतून आणावें लागतें. दोन कोटींस पंचवीस लाखांनीं भागिलें तर उत्तर आठ येतें. ज्या गाडीचीं छायाचित्रें साऱ्या देशांतील वर्तमानपत्रांनीं छापलीं, तशा आठ गाड्या एका हेक्टर उंसाच्या पोटांत मावतात.

हा हिशेब वाचून ऊंस लावणाऱ्या शेतकऱ्यास दोष देण्याची घाई कोणी करूं नये. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या शेतांत ऊंस असेल, आणि त्यावरच मुलांची फी भरली जात असेल. उंसास केंद्र सरकार दर वर्षीं किमान दर ठरवून देतें. कारखाना ऊंस घेऊन जातो. पाऊस थोडा पुढें-मागें झाला तरी ऊंस तग धरतो. उलट सोयाबीनचा भाव लातूरच्या अडतीवर आज एक तर उद्यां दुसरा. अशा स्थितींत शेतकरी जो हिशेब करितो तो त्याच्यापुरता बरोबरच असतो. घोटाळा असा कीं, त्यांत खत धरलेलें असतें, बेणें धरलेलें असतें, बोअरचा व विजेचा खर्च धरलेला असतो; पाण्याची किंमत मात्र कोठेंच धरलेली नसते.

आमच्या जमिनीखालीं काळा फत्तर आहे. पाणी सांठतें तें त्याच्या वरच्या झिजलेल्या थरांत, मुरुमांत आणि फटींत. खालीं खालीं खोदीत गेल्यानें नवें पाणी निर्माण होत नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरींत जें पाझरलें असतें तें आपल्या बोअरांत येतें, एवढेंच. मग शेजारी आणखी खोल जातो. शेवटीं दोघांचेंहि पाणी आटतें आणि गांवांत टँकर येतो. एकाच्या लाभाचा भार दुसऱ्यावर पडतो व तो कोणाच्याच वहींत लिहिला जात नाहीं, अशा व्यवहारांचा विचार करणारी अर्थशास्त्राची जी शाखा, तीच साधनसंपत्तीचें अर्थशास्त्र. ती शिकलेल्या माणसाचें पहिलें काम म्हणजे ती वही उघडणें.

वही उघडून काय करतां येतें ह्याचें उत्तम उदाहरण पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांत घडलें. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगांव येथें विलासराव साळुंखे ह्यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. साळुंखे हे इंजिनियर व कारखानदार. शेतकऱ्यांचे पुढारी म्हणून ते तेथें गेले नव्हते. त्यांनीं घातलेले नियम थोडे, पण चांगलेच धारदार होते. पाण्याचा वांटा जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचा, माणशीं अर्धा एकर भिजेल इतका, आणि एका कुटुंबास अडीच एकरांपलीकडे नाहीं. ज्यास जमीन नाहीं त्यालाहि वांटा. ऊंस लावावयाचा नाहीं. खर्चाचा कांहीं भाग ज्याचा त्यानें सोसावयाचा. आमच्या मतें ह्यांतील सर्वांत विचार करण्याजोगा नियम भूमिहीनाच्या वांट्याचा आहे. पाणी जमिनीबरोबर येतें, हें आम्ही इतकें गृहीत धरून चालतों कीं, तें माणसाबरोबर येऊं शकतें हा विचारच प्रथम चमत्कारिक वाटतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरें बाजार हें गांव सर्वांच्या माहितीचें आहे. तेथें पडलेल्या पावसाचें माप घेऊन, पिण्याचें पाणी आधीं बाजूस ठेवून, मग कोणतीं पिकें घ्यावीं हें गांव एकत्र बसून ठरवितें, आणि शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी आहे. मुरुड त्याहून पुष्कळ मोठें, बाजारपेठेचें गांव. तेथील नियम येथें जसाच्या तसा चालेल असें नाहीं. पण कितपत चालेल, कोणता बदल करावा लागेल, हें सांगण्यास कोणीतरी शिकलेला माणूस लागेल, आणि तो येथलाच असला तर बरें.

आतां पांढरीकडे वळूं. त्यासाठीं दक्षिणेस, तेरणेच्या खोऱ्यांत उतरलें पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी व आसपासच्या गांवांना भूकंपाचा धक्का बसला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन आटोपून लोक गाढ झोंपेंत होते. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. भूकंपाचें मान सुमारें ६.२ होतें, ह्याहून मोठे भूकंप जगांत पुष्कळ झाले आहेत. येथें माणसें मेलीं तीं मुख्यतः घरांमुळें. दगड व पांढरी माती यांच्या जाड भिंती. भिंतीच्या दोन अंगांस सांधणारा लांब दगड बहुधा घातलेला नसे. आणि वर उन्हाळ्यांत गारवा राहावा म्हणून मातीचें जड माळवद. तें घर उन्हास उत्तम आणि भूकंपास घातक होतें.

पुनर्वसनाचें काम जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें झालें. सर्वांत अधिक नासाडी झालेलीं ५२ गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं वसविलीं. घरें तीन मापांचीं ठरलीं. भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. बहुतेक नव्या गांवांची आंखणी चौकटीची : रुंद सरळ रस्ते, काटकोनांत छेदणारे, आणि सारख्या ओळींत घरें. तीं पूर्वीच्या घरांपेक्षां भक्कम होतीं हें प्रथम म्हटलें पाहिजे. घाईहि खोटी नव्हती. माणसें पत्र्याच्या शेडांत बसून होतीं, आणि जुन्या पांढरीवर परत जाण्यास पुष्कळांचे पाय धजत नव्हते. परंतु नकाशा काढणाऱ्यानें जें विचारावयास हवें होतें तें कित्येक ठिकाणीं विचारलेंच गेलें नाहीं. बैल कोठें बांधावयाचे? कडबा कोठें रचावयाचा? जुन्या घरांत भिंतीआड अंगण असे, तेथें बायका निवांतपणें निवडणें-टिपणें करीत. नव्या घराचें दार सरळ रस्त्यावर उघडतें, तेव्हां त्यांनीं बसावें कोठें? भावकीचीं घरें जीं एका बोळांत होतीं तीं आतां कोठें कोठें पडलीं? गांव पसरलें तशी नळाची वाट लांबली, दिव्याचे खांब वाढले, आणि त्यांच्या दुरुस्तीचा बोजा ग्रामपंचायतीच्या डोक्यावर आला. लोकांनीं मग आपल्या परीनें आडोसे घातले, पत्रे टाकले, ओटे बांधले. नकाशांत जें राहून गेलें होतें तें त्यांनीं हातानें भरून काढिलें.

ह्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग फारसा प्रसिद्ध नाहीं, पण शिकण्यास अधिक मोलाचा आहे. ज्या गांवांत घरें अगदीं पडलीं नाहींत, तडकलीं अथवा अर्धवट कोसळलीं, तेथें घरमालकानें स्वतः दुरुस्ती करावी आणि सरकारनें पैसा व इंजिनियराचा सल्ला द्यावा, असें ठरलें. अशीं घरें सुमारें दोन लाख आणि गांवें हजारावर होतीं. इतक्या ठिकाणीं इंजिनियर पुरणार कोठून? तेव्हां गांवोगांवच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढें आणिलें. प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेचा ह्या कामांत मोठा भाग होता. पैसा कशासाठीं आला आहे, भिंतीच्या माथ्यावर पट्टा कां बांधावयाचा, गवंड्याकडून काय करून घ्यावयाचें, हें त्या बायका घरोघरीं सांगूं लागल्या. ज्यांनीं पूर्वीं चावडीची पायरीहि चढलेली नव्हती अशा कित्येक स्त्रिया पुढें गांवसभेंत बोलूं लागल्या. बांधकामाबरोबर दुसरेंच कांहीं बांधलें गेलें, तें असें.

नहेम्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. यरुशलेमेचा पडलेला कोट बांधण्यास तो आला, पण आल्याबरोबर त्यानें हुकूम सोडला नाहीं. थोडीं माणसें बरोबर घेऊन तो रात्रीं वेशीवेशींनीं फिरला, कोठें काय पडलें आहे तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, आणि मग लोकांस एकत्र करून कामाची वांटणी केली. पुष्कळांनीं आपापल्या घरासमोरचाच भाग बांधून काढिला. नियोजनाच्या कॉलेजांत पहिल्या वर्षापासून ‘पाहणी’ ह्या नांवानें जें शिकवितात तें ह्याहून फार निराळें नाहीं. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला, आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत पॅट्रिक गेडीज हे स्कॉटिश पंडित मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवीत होते. हिंदुस्थानांतील अनेक शहरें त्यांनीं पायीं फिरून पाहिलीं. जुन्या वस्तीच्या छातीवरून सरळ रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. मोडकळीस आलेलीं थोडींशीं घरें काढावीं, त्या जागीं लहान चौक करून झाड लावावें, आणि बाकीचे बोळ राहूं द्यावे, असें ते सांगत. तेरणेकांठच्या चौकटी आंखल्या जात असतां हे विचार सत्तर वर्षांचे जुने झालेले होते. ते कागदावरून जमिनीवर उतरले नव्हते इतकेंच.

जातां जातां एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मराठवाड्यांत नवें गांव आंखून वसविण्याचा प्रयत्न ह्यापूर्वींहि झालेला आहे. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत, निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल हें गांव वसविलें. तेथें जमीन आधीं मिळविली आणि वस्ती मागून केली. काळीवांचून पांढरी उभी राहत नाहीं, हें त्या काळच्या माणसांस कोणत्याहि पदवीवांचून कळत होतें.

राहिली वाट. पर्यटन म्हटलें म्हणजे आमच्या लोकांस हॉटेल व मोटार आठवते. वस्तुतः वारी, जत्रा, ऊरूस हें सर्व पर्यटनच होय. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं नांदेड येथें देह ठेविला. त्यास आणि गुरुग्रंथसाहिबास गुरुगादी मिळाल्यास तीनशें वर्षें झालीं म्हणून २००८ सालीं तेथें मोठा सोहळा झाला, आणि त्यानिमित्त शहरांतील रस्ते, घाट व पूल यांच्या कामांसाठीं मोठी रक्कम आली. अशा प्रसंगीं विद्यार्थ्यानें एकच कसोटी लावून पाहावी. पाहुणे परत गेल्यावर गांवकऱ्याच्या पदरीं काय उरलें?

ही कसोटी आमच्या जवळच्या तेर गांवास लावून पाहूं. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशानें लिहिलेल्या प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ह्या शहराचा उल्लेख आहे, आणि तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई असें म्हटलें आहे. त्रिविक्रमाचें विटांचें जुनें देऊळ तेथें आहे. त्याचा आकार चैत्यासारखा आहे. संत गोरोबा कुंभार तेथलेच. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय गांवांत आहे, आणि त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या मूर्तीशीं साम्य असल्याचें विद्वान सांगतात. तेरणेच्या कांठावरचें हें गांव एकेकाळीं रोमच्या व्यापाराशीं बांधलेलें होतें, हें मुरुडच्या मुलाला दिल्लीच्या किल्ल्याआधीं ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें.

समजा, उद्यां तेरला रोज दोनशें पाहुणे येऊं लागले. ते मोटारींतून येतील, दोन तास थांबतील, बाटलीचें पाणी पितील, आणि मुक्कामास लातुरास अथवा सोलापुरास जातील. गांवास मिळेल धूळ आणि रिकाम्या बाटल्या. आतां हेच पाहुणे गांवांतील घरीं भाकरी जेवले, कुंभाराच्या चाकावर बसून पाहूं लागले, शाळेंतील वरच्या वर्गांच्या मुलांनीं त्यांना देऊळ व संग्रहालय समजावून दिलें, तर रुपयांतील कितीतरी पैसे गांवांत राहतील. पण त्यांच्यासाठीं पाणी कोठून आणावयाचें, शौचालयें कोठें बांधावयाचीं, आणि विटांच्या त्या देवळास किती पायांचा भार सोसेल, हेहि प्रश्न येतात. म्हणजे वाटेचा विचार करतां करतां पुन्हां काळी व पांढरी आलीच. अजिंठ्यास पाहुण्यांच्या मोटारी लेण्यांपासून सुमारें चार किलोमीटरवर थांबवून तेथून पुढें ठराविक बसनें नेतात, हें पुष्कळांनीं सहलींत पाहिलें असेल. कित्येकांस तो त्रास वाटतो. ज्यानें ही योजना केली त्याचें हें शिक्षण झालेलें होतें असें समजावें.

आतां हें शिकावें कोठें, हें थोडक्यांत सांगतों. नियोजनाची पदवी चार वर्षांची. दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील केंद्रीय नियोजन व वास्तुकला विद्यालयांत ती मिळते. त्यासाठीं बारावीस गणित हवें, आणि जेईई ह्या प्रवेश परीक्षेंतील नियोजनाचा स्वतंत्र पेपर द्यावा लागतो. पुण्याच्या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजांत, जें आतां तंत्रविद्यापीठ झालें आहे, ह्या विषयाची सोय आहे. अर्थशास्त्रासाठीं पुण्यास १९३० सालीं स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांनीं गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून झालेल्या लाभांची जी पाहणी १९४८ सालीं प्रसिद्ध केली, ती ह्या शास्त्रांतील आमच्याकडील एक आरंभींचें काम होय. ज्यास घरापासून दूर जाणें शक्य नाहीं त्यानें नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजांत अर्थशास्त्र अथवा भूगोल घेऊन बी. ए. करावें व पुढें ह्या विषयाकडे वळावें. तुळजापुरास टाटा समाजविज्ञान संस्थेचें ग्रामीण केंद्र आहे. पर्यटनासाठीं ग्वाल्हेर येथें केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे. प्रवेशाचे नियम दर वर्षीं बदलतात, म्हणून त्या त्या संस्थेचें माहितीपत्रक स्वतः पाहावें. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊं नये.

पोटाचें काय, असें पालक विचारतील, व तें रास्तच आहे. राज्याच्या नगररचना विभागांत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनें जागा भरतात. महानगरपालिकांना अशीं माणसें लागतात. पाणलोटाचीं व पुनर्वसनाचीं कामें करणाऱ्या संस्थांनाहि लागतात. जागा थोड्या आहेत आणि डॉक्टराच्या पाटीसारखी पाटी ह्यांत दारावर लागत नाहीं, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ज्या मुलाला उन्हांतान्हांत हिंडणें, लोकांशीं बोलणें व आंकडे जुळविणें ह्यांत गोडी नाहीं त्यानें इकडे येऊं नये. मुलींस मात्र आम्ही आवर्जून सांगतों कीं, घरांत पाणी कोण भरतें हें ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या हातीं पाण्याची योजना जाऊं नये, आणि तें त्यांना जन्मापासून ठाऊक असतें.

गोडी आहे कीं नाहीं हें पाहण्यास पदवीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीनें पुण्याजवळील पिंपळें सौदागर ह्या एका खेड्याची पाहणी केली व ती १९१७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. १७७१ सालीं तेथें एका खातेदाराकडे सरासरीनें सुमारें ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, असें त्यांना आढळलें. दुष्काळ, सावकार व आळस यांवर सारे वाद चालले असतां हा एक आंकडा पुढें आला. त्या खेड्यांत आतां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत, परंतु तें पूर्वीं कसें होतें हें त्या पाहणीमुळें आजहि सांगतां येतें.

तेव्हां येत्या उन्हाळ्याच्या सुटींत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या आळीपुरती एक पाहणी करावी. आळींत घरें किती, त्यांतील कितींत नळ आहे, तो कोणत्या दिवशीं व किती वेळ येतो, पाणी कोण भरतें, आणि नळ नसेल त्या दिवशीं तें कोठून आणितात, हें विचारावें. जुन्या विहिरी व बोअर मोजावे. दोरीस दगड बांधून विहिरीचें पाणी किती खोल आहे तें मार्चमध्यें एकदां व मेमध्यें एकदां मापावें. विहिरीच्या कांठावर एकट्यानें जाऊं नये, वडील माणूस बरोबर असावें. घरच्या शेतांत कोणतें पीक आहे व त्यास किती पाळ्या पाणी दिलें तें वडिलांस विचारून लिहावें. बाजाराच्या दिवशीं परगांवचीं किती माणसें आलीं याचा अदमास स्टँडवर एक तास उभें राहून घेतां येतो. आजीला तिच्या माहेरच्या घराचें माप विचारावें. बहुधा ती तें खणांत सांगेल, आणि खण म्हणजे किती हात हेंहि तिलाच विचारावें. हें सर्व एका कोऱ्या कागदावर आळीचा नकाशा काढून त्यांत भरावें. नकाशास प्रमाण लिहावें, उत्तर दिशेचा बाण काढावा, आणि ज्या तारखेस मापें घेतलीं ती तारीख कोपऱ्यांत घालण्यास विसरूं नये.